पडघा ते पोफळी, तारांच्या मागे मागे

शुक्रवार : डोंबिवली ते घाटघर

आधीच सांगतो, ही ट्रिप किल्ल्यांची नाही आणि देवदर्शनाचीही नाही, आम्ही वीज बघायला निघालो होतो. सोबत आमचे मोठे काका, जन्मभर सबस्टेशनला ऑपरेटर म्हणून नोकरी करून रिटायर झालेले. माझ्या डोक्यात बरेच दिवस एकच गोष्ट फिरतेय की आपल्याकडे सगळी चर्चा मेगावॅटवर चालते, किती सोलर लावलं, किती प्लांट झाले, पण ती वीज कधी मिळते आणि कुठून कुठे न्यायची यावर कोणी फारसं बोलत नाही, आणि देशाची ग्रीड (सगळे प्लांट आणि गावं-शहरं जोडणारं तारांचं जाळं) सुधारायची तर खरं काम तिथेच आहे. म्हटलं पुस्तकी वाचन पुरे, जाऊन बघू.

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा, नाशिक हायवेला पडघा आलं तशी काकांनी गाडी साईडला घ्यायला लावली. "बघ, त्या लाईनला तारा किती?" तीन फेजच्या लाईनची सवय असलेल्या डोळ्याला ती लाईन वेगळीच दिसते, टॉवरच्या डाव्या उजव्या हाताला फक्त दोन जुडगे. ही चंद्रपूरहून आलेली डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेची) लाईन, ५०० केव्ही (किलोव्होल्ट), १५०० मेगावॅट, लांबी ७५२ किलोमीटर, १९९९ पासून चालू. विदर्भात कोळसा आणि इकडे मुंबई-ठाण्याचा लोड (विजेची मागणी), मधलं सगळं अंतर या दोन जुडग्यांनी जोडलंय. काकांनी मला तार टॉवरपासून अलग ठेवणाऱ्या चिनीमातीच्या डिस्क मोजायला शिकवलं, लटकत्या माळेत चौदा-पंधरा असतील तर २२० केव्ही, तेवीसच्या आसपास असतील तर ४००. मग पूर्ण प्रवासभर मी तेच करत होतो.

पडघ्याला थांबायचं खरं कारण १२ ऑक्टोबर २०२०. त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला मुंबई अंधारात गेली, लोकल जागेवर थांबल्या, हॉस्पिटलं जनरेटरवर. पडघा-कळवा भागातल्या ४०० केव्हीच्या लाईन्स एकामागे एक गेल्या आणि बाकीच्यांवर लोड आला. मुंबईला वेगळं काढून वाचवायची जी आयलंडिंग सिस्टीम होती तीही टिकली नाही. शहरात आणखी वीज आत आणणारी खारघर-विक्रोळी ४०० केव्ही लाईन कितीतरी आधीपासून कागदावर होती, ती चालू झाली २०२३ ला, म्हणजे दहा वर्षांच्या वर गेली. मला यात कोणाला झोडपायचं नाहीये, पण धोरण म्हणून इथेच पहिली गोष्ट लिहून ठेवली: सोलर पार्क दीड वर्षात उभा राहतो आणि लाईनला तीन-चार वर्षं लागतात, तर लाईन आधी मंजूर व्हायला पाहिजे. नाहीतर राजस्थानात २०२५ मध्ये झालं तसं होतं, भर दुपारी काही हजार मेगावॅट तयार वीज फक्त लाईन नाही म्हणून बंद ठेवायची वेळ आली.

पुढे कसारा घाट, घोटी, शेंडी. जेवून थेट घाटघरच्या कोकणकड्यावर. इथे येणारे सगळे कडा बघून फोटो काढून जातात, आणि खाली जे पाणी दिसतं तो प्रकल्पाचा खालचा जलाशय आहे हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं! वर एक धरण, खाली ठाणे जिल्ह्यात दुसरं, मध्ये चारशे मीटरच्या आसपासचा उतार, आणि डोंगराच्या पोटात १२५ मेगावॅटची दोन मशीन. वीज लागली की पाणी खाली सोडायचं, वीज जास्त झाली की तेच मशीन उलटं फिरवून पाणी परत वर चढवायचं. २००८ पासून चालू आहे. वर चढवताना जेवढी वीज लागते त्यातली साधारण तीन चतुर्थांश परत मिळते, उरलेली जाते, आणि ते धरूनसुद्धा हा सौदा फायद्याचाच पडतो.

गंमत अशी की हा प्रकल्प आखला तेव्हा हिशोब रात्रीचा होता. रात्री लोड पडतो, कोळशाचे प्लांट एका मर्यादेच्या खाली चालवता येत नाहीत, मग जास्तीची वीज पंपिंगला वापरायची. आता हिशोब पालटलाय, स्वस्त वीज दुपारी आहे आणि चणचण संध्याकाळी सहानंतर. मशीन तेच, धरण तेच, फक्त घड्याळ बदललं. काकांनी फोनवर ग्रीडची फ्रिक्वेन्सी (वीज सेकंदाला किती वेळा दिशा बदलून फेरा पुरा करते तो आकडा, हर्ट्झमध्ये) दाखवली, ऊन उतरत होतं आणि आकडा ४९.९२. पन्नास म्हणजे मागणी-पुरवठा तंतोतंत, खाली म्हणजे ओढ जास्त. ठरवून दिलेला पट्टा ४९.९० ते ५०.०५. "आमच्या वेळी संध्याकाळी साडेअठ्ठेचाळीस बघितलंय रोज, आणि त्यात कोणाला काही वाटायचं नाही," काका म्हणाले.

ते का सुधारलं हे मात्र त्यांनी नीट समजावून सांगितलं, आणि मला वाटतं अख्ख्या प्रवासात ऐकलेली ही सगळ्यात कामाची गोष्ट. पश्चिम विभागात १ जुलै २००२ पासून नवीन दरपद्धत आली, आधी ठरलेल्या शेड्यूलपेक्षा जास्त वीज ओढली तर त्या वेळच्या फ्रिक्वेन्सीप्रमाणे दर, फ्रिक्वेन्सी जेवढी खाली तेवढा दर वर. नवीन प्लांट नाही, नवीन लाईन नाही, फक्त दराचा नियम बदलला आणि फ्रिक्वेन्सी वर आली. म्हणजे किंमत खरी लावली की ग्रीड सुधारते, हे या देशात एकदा करून झालेलं आहे.

डोंगर फोडून असे आणखी प्रकल्प करायचे का, यावर आमचा शेंडीत रात्री जेवताना वाद झाला. राज्याने २०२३ मध्ये पंप्ड स्टोरेजचं (घाटघरसारखं पाणी वर-खाली करून वीज साठवायचं) धोरण आणलंय आणि सह्याद्रीत बरेच प्रस्ताव आहेत. माझं म्हणणं, जिथे धरणं आधीच आहेत तिथे आधी करा, नदीच्या मूळ प्रवाहापासून लांब जागा शोधा, जंगलातली जागा सगळ्यात शेवटी. काकांचं म्हणणं, "जागा मशीन ठरवतं, तू नाही." दोघंही आपापल्या मतावर ठाम राहून झोपलो.

शनिवार : शेंडी ते साक्री

नुसता गाडीचा दिवस. नाशिक, सटाणा, ताहाराबाद, पिंपळनेर. साक्रीच्या आसपास डोंगरांवर ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या लागतात, आणि तालुक्यातच शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सोलर प्लांट, २०१३ चा. त्या काळात एवढं मोठं सोलर म्हणजे फार कौतुक होतं. आता कच्छमध्ये खावड्याला एकाच ठिकाणी ३० हजार मेगावॅटचं नियोजन आहे, तेव्हा हे लहानच वाटणार.

बांधावर एक शेतकरी भेटले, कांद्याला पाणी चालू होतं, शेतात ४०० केव्हीचा टॉवर. त्यांनी चहाला बसवून घेतलं आणि टॉवरचीच गोष्ट काढली. टॉवरच्या पायाखालची जागा गेली ते गेलं, तारांच्या खाली ऊस लावता येत नाही, फळबाग करता येत नाही, जमिनीला गिऱ्हाईक येत नाही, आणि मोबदला पिकाच्या नुकसानीपुरता. केंद्राने जून २०२४ मध्ये यावर नवीन मार्गदर्शक सूचना काढल्या, टॉवरच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला ३० टक्के. आधी हे ८५ आणि १५ होतं. मला हे पाऊल अगदी योग्य वाटतं, उलट मी म्हणेन की पट्ट्याच्या ३० टक्क्यांसोबत दरवर्षी भाडं पण द्या. राष्ट्रीय पारेषण आराखड्यात २०३२ पर्यंत नऊ लाख कोटींच्या वर खर्च धरलाय, त्यातला थोडा भाग बांधावर गेला तर लाईनी कोर्टात अडकणार नाहीत. ज्याच्या शेतातून तार जाते त्याला ती आपली वाटली पाहिजे.

रविवार : साक्री ते राळेगणसिद्धी

धुळे, मालेगाव, मनमाड, राहुरी करत अहिल्यानगर ओलांडून सुप्याच्या बाजूला आलो तेव्हा दुपार टळत आली होती. पाठ अक्षरशः मोडली. पण या दिवसासाठीच ट्रिप आखली होती म्हणा ना.

आपल्याकडे शेतीला थ्री फेज लाईट आठवड्याच्या आलटून पालटून मिळत आलीये, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. ज्यांनी रात्रीचं पाणी भरलंय त्यांना सांगायला नको. जानेवारी-फेब्रुवारीची थंडी, गहू-हरभरा-कांदा, हातात बॅटरी, साप-विंचू आणि आता नगर-जुन्नरकडे बिबट्या. वाटेत एका वस्तीवर थांबलो तिथल्या मावशी म्हणाल्या, "रात्रीची लाईट असली की हे परत घरी येईपर्यंत मला झोप नसती." डीपी (वस्तीवरचा ट्रान्सफॉर्मर) जळली की आठ-आठ दिवस जातात, वर्गणी काढून ट्रॅक्टरमध्ये घालून न्यावी लागते, हेही तिथेच ऐकलं.

आता धोरणाकडे बघा. राज्याने २०१७ मध्ये सौर कृषी वाहिनी योजना काढली, पथदर्शी प्रकल्पासाठी राळेगणसिद्धी आणि यवतमाळमधलं कोळंबी ही गावं निवडली. कल्पना साधी आहे. सबस्टेशनच्या पाच-दहा किलोमीटरच्या आत सोलर लावायचं, ती वीज तिथल्या तिथे शेतीच्या फीडरवर (सबस्टेशनमधून शेतांकडे जाणाऱ्या लाईनवर) घालायची आणि पंप दिवसा चालवायचे. २०२३ मध्ये याचं दुसरं रूप आलं आणि लक्ष्य आता १६ हजार मेगावॅटच्या घरात गेलंय, केंद्राच्या कुसुम योजनेची मदत त्याला आहेच.

मी गावाबाहेर पॅनलच्या कुंपणापाशी उभा राहून बराच वेळ बघत होतो. दिसायला काही नाही, निळ्या रांगा, गवत, एक बंद खोली, ११ केव्हीची लाईन. पण याने ग्रीडला काय काय मिळतं ते मोजा. चंद्रपूरहून किंवा कच्छहून वीज आणायची गरज तेवढी कमी, लाईनमधली गळती कमी, रात्रीचा लोड उचलून बरोबर उन्हाच्या तासात आणला, आणि शेतकऱ्याच्या बायकोची झोप परत मिळाली. बॅटरीचा एक रुपया खर्च न करता साठवणूक झाली, कारण पाणी विहिरीतून शेतात गेलं की काम झालं, पंपाला संध्याकाळी सात वाजताच वीज पाहिजे असं काही नाही. माझ्या मते ग्रीड सुधारणेतली देशातली सगळ्यात महत्त्वाची कल्पना हीच आहे आणि तिच्यावर इंग्रजी पेपरात सगळ्यात कमी लिहून येतं.

दोन गोष्टी मात्र बोलल्या पाहिजेत. एक, साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना २०२४ पासून बिल माफ आहे, ते मला शेतकऱ्याच्या बाजूने पटतं, पण मीटरच नसेल तर फीडरवर वीज किती गेली आणि चोरी किती हे कळणार कसं? बिल माफ ठेवा, मोजणी माफ करू नका. निदान प्रत्येक डीपीला मीटर. दुसरी गोष्ट पाण्याची, दिवसा फुकट वीज म्हणजे उपसा वाढणार, आणि पारनेर तालुक्याइतकी पाण्याची किंमत कोणाला कळणार! पाणलोटाचं काम आणि फीडरचं काम एकाच गावात सोबत व्हायला पाहिजे, आज ती दोन वेगवेगळ्या खात्यांची कामं आहेत.

मुक्काम सुप्याला. पिठलं-भाकरी.

सोमवार : सोलापूर

करमाळा, टेंभुर्णी, सोलापूर. सोलापूरला यायचं कारण ३१ डिसेंबर २०१३. त्या रात्री रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही लाईन चालू झाली आणि दक्षिणेची ग्रीड बाकी देशाला जोडली गेली. त्याआधी १९९१ ला पूर्व आणि ईशान्य, २००३ ला पश्चिम, २००६ ला उत्तर, आणि शेवटी सोलापुरातून दक्षिण. तेव्हापासून काश्मीर ते कन्याकुमारी एकच फ्रिक्वेन्सी. आपल्या सोलापूरकरांनी याचा अभिमान बाळगायला हवा, चादरीइतकाच!

एकच ग्रीड झाली की धोकाही एकत्र येतो हे खरं. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तरेत जे झालं, बीना-ग्वाल्हेर ४०० केव्ही लाईन गेली आणि दुसऱ्या दिवशी साठ कोटींच्या वर लोक विजेशिवाय, तेव्हा आपल्या पश्चिम विभागात पावसामुळे मागणी कमी होती आणि आपण वाचलो. त्यातून आपण शिकलोही. ५ एप्रिल २०२० ला रात्री नऊ वाजता सगळ्या देशाने लाईट घालवल्या तेव्हा काही मिनिटांत सुमारे ३१ हजार मेगावॅट मागणी पडली आणि ग्रीडला काही झालं नाही, पाण्यावरच्या मशीन्सनी भार सांभाळला. काका तेव्हा रिटायर झालेले पण म्हणे त्या रात्री टीव्हीसमोर नाही, फ्रिक्वेन्सीसमोर बसले होते.

संध्याकाळी ओळखीतून टॉवेलच्या एका कारखान्यात गेलो. मालक शांत माणूस, पण दराचा विषय निघाल्यावर त्यांनी वहीच काढली. वर्षानुवर्षं रात्री १० ते सकाळी ६ या वेळात युनिटमागे दीड रुपया सूट मिळायची म्हणून त्यांनी डाईंगचं काम रात्रपाळीला लावलं, माणसं तशी नेमली, रात्रभत्ता ठरला. आता धोरण सूट दिवसाकडे सरकवायचं आहे. केंद्राच्या २०२३ च्या नियमात उन्हाच्या तासात दर निदान २० टक्के कमी आणि सगळ्यात जास्त मागणीच्या तासात उद्योगांना निदान २० टक्के जास्त असं आहे. ते म्हणाले, "साहेब, दिवसा करू की, आमचं काही अडत नाही, पण दर दोन वर्षांनी तास बदलले तर मी मशीन कशाच्या भरवशावर घेऊ?"

मला हे इतकं पटलं! वेळेप्रमाणे दर हे शंभर टक्के बरोबर आहे, दुपारच्या स्वस्त विजेचा फायदा गिऱ्हाईकाला मिळालाच पाहिजे, पण ते तास निदान पाच वर्षांसाठी आधी जाहीर करून टाका. दर बदलू द्या, वेळापत्रक बदलू नका. घरगुती मीटरचंही तेच. स्मार्ट मीटरला राज्यात जो विरोध झाला तो मुख्यतः प्रीपेडला होता, पैसे संपले की लाईट जाणार ही भीती. मीटर स्मार्ट आणि बिल नेहमीसारखं महिन्याने, एवढं स्पष्ट सांगितलं असतं आणि दुपारी वॉशिंग मशीन लावलं तर इतके रुपये वाचतात हे पहिल्याच बिलावर छापलं असतं तर लोकांनी हे मीटर आनंदाने लावून घेतले असते.

मंगळवार : चाळकेवाडी

पंढरपूर, म्हसवड, दहिवडी, सातारा, मग सज्जनगडाच्या रस्त्याने ठोसेघर सोडून वर पठारावर. फेब्रुवारीत वारा नाही, चक्क्या बहुतेक उभ्या. वनकुसवड्याच्या पठारावरच्या बऱ्याच चक्क्या जुन्या, ३५० किलोवॅटच्या. आता एकेक मशीन तीन मेगावॅटचं येतं, म्हणजे अशा आठ-नऊ चक्क्यांची जागा एकच घेईल, आणि जास्त उंचीवर असल्याने जास्त वेळ फिरेल. चांगल्या वाऱ्याच्या जागा जुन्या मशीननी अडवून ठेवल्यात. केंद्राने २०२३ मध्ये जुन्या चक्क्या बदलायचं धोरण काढलंय, पण मालकी विखुरलेली, करार जुने, जमिनीचे वाद, आणि वरून खाली येणारी लाईन जुन्या क्षमतेचीच. मशीन बदलायची परवानगी आणि लाईन वाढवायची मंजुरी एकाच फाईलमध्ये द्या, एवढं जरी झालं तरी पठाराचं चित्र बदलेल. पावसाळ्यात सोलर पडतं तेव्हा वारा असतो, संध्याकाळनंतरही असतो. हा जोडा निसर्गाने दिलाय.

बुधवार : कोयनानगर, पोफळी, चिपळूण

पाटणवरून सकाळीच कोयनानगर. नेहरू उद्यानातून धरण दिसतं. १०३ मीटर उंच, ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपातून तगलेलं. सगळे टप्पे मिळून १९६० मेगावॅट, त्यात चौथा टप्पा एकटाच १००० चा. १९९९ आणि २०१२ मध्ये जलाशयाच्या तळाला भोक पाडून केलेलं लेक टॅपिंग काकांना तोंडपाठ आहे, मी विचारलं नाही तरी कुंभार्ली घाट संपेपर्यंत तेच चालू होतं.

कोयनेचा खरा उपयोग युनिटमध्ये मोजायचाच नाही. कोळशाच्या प्लांटला वर यायला कित्येक तास लागतात, कोयनेचं मशीन काही मिनिटांत फुल लोडला. पण पाणी मर्यादित, पश्चिमेकडे वळवायला वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट), कृष्णा पाणीवाटप लवादाने ठरवून दिलेलं. मग ते पाणी दुपारी, सोलर भरपूर असताना, वापरणं म्हणजे नासाडी. प्रत्येक टीएमसी संध्याकाळी सहा ते दहासाठी राखून ठेवायला हवं, आणि अशा तत्पर विजेला साध्या युनिटपेक्षा जास्त दर मिळायला हवा. आज कोणी पंधरा मिनिटांत हजार मेगावॅट उभे करून ग्रीड वाचवली तरी त्याला त्या मानाने काय मिळतं? बॅटऱ्यांनाही हेच लागू. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२५ मध्ये सोलरच्या टेंडरसोबत निदान १० टक्के क्षमतेचं दोन तासांचं स्टोरेज ठेवा असा सल्ला दिला. चांगली सुरुवात आहे, पण संध्याकाळ दोन तासांची नसते, चार तासांकडे जायला पाहिजे.

कोळशाचे प्लांटही या हिशोबात येतात. ते दुपारी क्षमतेच्या ५५ टक्क्यांपर्यंत आणि पुढे टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांपर्यंत खाली आणायचा नियम २०२३ मध्ये झालाय. मशीन झिजतं, दुरुस्ती वाढते, त्याचा खर्च कोण देणार हे आधी ठरवा असं काकांचं ठाम म्हणणं, आणि इथे मी त्यांच्या बाजूने.

पोफळीला पॉवरहाऊस डोंगराच्या आत, परवानगीशिवाय आत जाता येत नाही, गेटपासून बाहेर पडणाऱ्या लाईन्स बघितल्या. मी डिस्क मोजल्या, काकांनी मान डोलावली. चिपळूणला मासे खाऊन गाडी मुंबईकडे.

येताना दोघांनी मिळून एक यादी केलीये. राज्य वीज नियामक आयोग दर ठरवायच्या आधी लोकांच्या सूचना-हरकती मागवतो, कोणीही लिहू शकतं, मराठीतही. त्यात पाठवायला पहिला मुद्दा डीपीला मीटरचा, दुसरा दराचे तास पाच वर्षं न बदलण्याचा, तिसरा कोयनेच्या पाण्याला संध्याकाळचा वेगळा दर. तुमच्या भागात शेतीला दिवसाची लाईट आली असेल तर फीडरचं नाव आणि किती तास मिळते तेवढं कळवा, मसुद्यात घालतो.